पायाला कळणारी गाडी

पुंगीभाऊंचं खरं नाव घेऊन कुणी चौकशी करत आलं असतं, तर आमच्या रांगेतल्या एकाही दुकानदाराला त्यांचं दुकान दाखवता आलं नसतं. गाड्यांचे सायलेन्सर बनवायचे म्हणून ते पुंगीवाले, आणि माझ्या तोंडी पुंगीभाऊ. माझं दुकान त्यांच्या भिंतीला लागून. मी गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवते. हे दुकान आधी माझे यजमान बघायचे, ते गेल्यावर मशीन मी हातात घेतलं. मधली भिंत एका विटेची. पलीकडे भाऊंनी इंजिन रेस केलं की अलीकडे माझ्या फळीवरची दोऱ्याची रिळं नाचत नाचत कडेला यायची आणि टपाटप खाली पडायची. सुरुवातीला मी भांडायला गेले होते. भाऊंनी फळीला एक पत्र्याची पट्टी कडेने जोडून दिली. रिळं नाचायची थांबली नाहीत, पडायची थांबली. तेव्हापासून आमचं जमलं.

सायलेन्सर म्हणजे खरं तर गाडीचं तोंड दाबणारी वस्तू. पण भाऊंकडे येणारी गिऱ्हाइकं नेमकं उलटं मागायची. पोरं नवी कोरी गाडी घेऊन यायची आणि सांगायची, काका, आवाज बदलून द्या. कुणाला घुमणारा हवा, कुणाला फाटका, कुणाला ब्रेक मारताना मागून फटाफट वाजलं पाहिजे. हवा तो आवाज काही जण मोबाईलवर ऐकवायचे. काही जण तोंडानंच काढून दाखवायचे, गाल फुगवून, डोळे मिटून, चांगले मिशा फुटलेले बाप्ये. भाऊ सगळं ऐकून घ्यायचे आणि कामाला लागायचे. पाइप किती जाड घ्यायचा, डबी किती लांब ठेवायची, डबीच्या आत जाळीभोवती लोकर किती ठासायची, यावर तो आवाज ठरतो असं त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. तरी प्रत्येक गाडी वेगळीच बोलते. गाजराची पुंगी आहे ताई, म्हणायचे, वाजली तर वाजली. पण मोडून खाताही येत नाही.

मी त्यांना ओळखायला लागले तेव्हाच ते थकलेले होते. पन्नाशी उलटलेली, पाठ गाडीखाली उताणं पडून पडून धरलेली, मनगटावर वेल्डिंगच्या ठिणग्यांचे बारीक काळे डाग. काम वाईट नव्हतं त्यांचं. लांबून लांबून लोक यायचे. पण गिऱ्हाईक खूश होऊन, खिडकीतून हात दाखवत, सगळा रस्ता दणाणून सोडत निघून गेलं की भाऊ दारातल्या स्टुलावर बसायचे आणि दोन्ही तळवे कानांवर ठेवून जरा वेळ तसेच राहायचे. एकदा मी विचारलं, कान दुखतात का. म्हणाले, "दुखत नाहीत. तेच तेच खाऊन जीभ विटते ना, तसे कान विटलेत."

ऐकूही कमीच यायला लागलं होतं. मुलगी सासरहून फोन करायची, तर तिचं बोलणं भाऊंची बायको, आमच्या वहिनी, ऐकायच्या आणि नंतर भाऊंना सांगायच्या. घरी टीव्ही बंद, रेडिओ बंद. भाऊ घरात पाऊल टाकायचे ते हातानं ‘नको’ अशी खूण करतच. मग वहिनींनीही हळूहळू हातानंच बोलायला सुरुवात केली. पेला उचलून भुवई वर केली की पाणी हवंय का, गालाखाली हात ठेवला की जरा पडा, बोटं दाराकडे वळवली की कुणीतरी येऊन गेलं. मुळात वहिनी बोलक्या. दुपारी डबा घेऊन आल्या की तो भाऊंपुढे ठेवायच्या आणि माझ्याकडे येऊन दिवसभराचं साठलेलं बोलून घ्यायच्या. घरी बोलायचं तर भिंतीशी बोलावं लागतं, म्हणायच्या, त्यापेक्षा तू बरी, तू निदान मान हलवतेस.

अशात एका सकाळी पावाची गाडी आली. पांढरी, नवी, छोटी व्हॅन, दार उघडलं की आतून ताज्या पावाचा वास. चालवणारी बाई तिशीची असेल, केस घट्ट बांधलेले, पायात सपाट चपला. तिच्याबरोबर तिचा भाऊ होता. तो त्याच बेकरीत भट्टीवर कामाला, कोपरापर्यंत पिठानं पांढरा. बोलत सगळं तोच होता. म्हणाला, बहिणीला जन्मापासून ऐकू येत नाही. बेकरीची जुनी गाडी ती कितीतरी वर्षं चालवत होती, कधी ओरखडा नाही. पण मालकानं ती मोडीत काढून ही नवी घेतली आणि हिचं सगळं बिघडलं. गिअर बदलायचं भान राहत नाही. पहिल्याच गिअरमध्ये गाडी ताणत नेते, नाहीतर वरच्या गिअरमध्ये बंद पाडते. क्लच प्लेट जळून झाली. मालक म्हणतो, पुन्हा असं झालं तर गाडी दुसऱ्याकडे देईन आणि हिला पाव भरायला बसवीन.

मग सायलेन्सरचं काय, भाऊंनी विचारलं.

"आवाज वाढवून हवाय तिला," तो म्हणाला.

भाऊ बाईकडे बघत राहिले. ऐकू येत नाही तिला, असंच म्हणालास ना, त्यांनी पुन्हा विचारलं. तोही जरा गोंधळलाच. म्हणाला, मला काय कळतंय, ती रोज हेच सांगते, गाडीचा आवाज हरवला, आवाज हरवला. बाई दोघांच्या ओठांकडे आळीपाळीनं पाहत होती आणि मध्येच भावाच्या दंडाला हात लावून काहीतरी सांगू पाहत होती. त्यानं तिला ‘थांब, मी बोलतोय ना’ अशी खूण केली. त्याला भट्टीवर परत जायची घाई होती.

भाऊंनी जे मागितलं ते दिलं. डबी आखूड, पाइप जाड. इतकी वर्षं तेच केलेलं, हात आपोआप चालायचे. पावाची गाडी गेली ती असा गडगडाट करत, की समोरच्या टायरवाल्यानं जेवता जेवता मान वर काढली.

त्याचा परिणाम दुसऱ्याच दिवशी दिसला. पाव पोचवायचा तो पहाटे, लोक साखरझोपेत असताना. दुकानदारांनी बेकरीत तक्रारी केल्या, एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तर गाडीपुढे काठी आडवी धरली. मालकानं भट्टीवाल्या भावाला सगळ्यांसमोर सोलून काढलं. आणि ज्याच्यासाठी हा सगळा आटापिटा, त्यात काडीचा फरक नव्हता. बाई होती तिथंच.

दुपारी ती एकटी आली. रागानं लाल. गाडी उभी केली आणि उतरून थेट भाऊंसमोर येऊन उभी राहिली. भाऊ जेवत होते, वहिनी शेजारी बसलेल्या, मी भाजीची वाटी द्यायला गेलेली. बाईनं भाऊंचा हात धरून त्यांना उठवलंच. गाडीचं दार उघडून तिनं चपला काढल्या, आत बसली, इंजिन चालू केलं, उघडा पाय गाडीच्या तळावर टेकवला आणि मान हलवली. नाही. काही नाही. मग खाली उतरली, आजूबाजूला पाहिलं आणि कोपऱ्यात धडधडत असलेल्या हवेच्या कॉम्प्रेसरकडे गेली. त्याच्या टाकीवर तिनं पालथा हात ठेवला आणि होकाराची मान हलवली. भाऊंचा हात ओढून तोही टाकीवर ठेवला. पुन्हा पायाकडे बोट, गाडीच्या तळाकडे बोट.

भाऊ नुसते बघत होते. कळलं ते वहिनींना.

"अहो, ऐकायचं नाहीये तिला," त्या म्हणाल्या. "पायाला कळायला हवीय गाडी."

मग वहिनी उठून तिच्यासमोर गेल्या आणि हातांनी विचारायला लागल्या. इंजिनाची मूठ केली, दुसऱ्या हाताचा तळवा म्हणजे गाडीचा तळ, त्याखाली ती मूठ धरली, हलकेच थरथरवली, मग जोरात. बाईचा चेहरा उजळला. ती भराभरा हात हलवू लागली. सगळं नाही कळलं, पण पुष्कळसं कळलं. जुनी गाडी खिळखिळी होती. तिचा तळ बोलायचा. इंजिन किती धापा टाकतंय ते डाव्या टाचेला समजायचं आणि त्यावरून ती गिअर टाकायची. नवी गाडी लोण्यासारखी. पायाखाली काही हलतच नाही, झोपल्यासारखी. घरी रोज घासून घासून तयार झालेली वहिनींची हातांची भाषा अशी कामाला आली.

भाऊंनी त्याच दिवशी कंपनीची जुनी डबी परत बसवून दिली. पैशाचा विषय काढला नाही, चूक आपलीच धरली. पण पुढचं कसं करायचं हे त्यांना सुचेना. जन्म गेला होता गाडी आत हादरू नये म्हणून. आवाज वाढवला की आत घुमायला लागतं, गिऱ्हाइकाचं डोकं दुखतं, मग तो घुमारा मारण्यात अर्धी मेहनत जाते. आता कुणी येऊन म्हणतं, बाहेर गप्प पाहिजे आणि आत हादरलं पाहिजे. ते मला म्हणाले, ताई, मला हे नाही जमायचं, मी दमलो. ते खरंच दमलेले दिसत होते.

नंतर काही दिवसांनी एक जाडे गृहस्थ आपली गाडी घेऊन आले. गाडीला भूत लागलंय म्हणाले. बाहेर कुणाला काही ऐकू येत नाही, पण आत बसलं की दात कडकडतात. भाऊ खाली शिरले. पाइप गाडीला रबरी कड्यांनी टांगलेला असतो, त्यातलं मधलं कडं तुटून पाइप तळाला टेकला होता. नवं कडं टाकायचं, एवढंच काम. ते त्यांनी केलं, गृहस्थ गेले. पण भाऊ गाडीखाली सरकायच्या त्या चाकांच्या फळीवर बसूनच राहिले. मग मला हाक मारून म्हणाले, पाववालीला निरोप पाठवायला हवा, कुणाबरोबर पाठवू.

ती आली त्या दुपारी आम्ही सगळेच कामाला लागलो. भाऊंनी पाइपपासून ड्रायव्हरच्या पायाखालच्या आडव्या पट्टीपर्यंत एक लोखंडी पट्टी वाकवून आणली आणि मध्ये टायरच्या रबराचा तुकडा घातला. पाइपाची धग वर जाऊ नये म्हणून एक पत्रा आडवा दिला. भाऊ खाली, ती वर. तिला ऐकू येत नाही, भाऊंना ती दिसत नाही. मग असं ठरलं की हवं तितकं हादरत नसेल तर तिनं टाच एकदा आपटायची, जास्त होत असेल तर दोनदा. वहिनी शेजारच्या सीटवर बसून इंजिन कमी-जास्त करायची खूण द्यायच्या. पहिल्यांदा काहीच नाही. मग भाऊंनी रबर काढून टाकलं, तर एवढं हादरलं की वहिनींच्या बांगड्या वाजायला लागल्या आणि बाईनं पाय झटकन वर घेतला. पायाला मुंग्या आल्या असाव्यात. मग पातळ रबर, मग दुमडलेलं रबर. भाऊ मध्येच बाहेर येऊन पाठीवर हात ठेवून उभे राहायचे, पुन्हा खाली जायचे.

माझ्या लक्षात आलं की तळावर जाड गालिचा आहे आणि निम्मं तोच खातोय. मी कात्री आणली, डाव्या टाचेच्या जागेचा गालिचा कापला आणि तिथं सीटच्या कव्हराचं पातळ कातडं बसवून कडेनं शिवून दिलं. बाईनं टाच ठेवली. वहिनींनी खूण केली, तिनं इंजिन हळूहळू वाढवलं. तिचे डोळे मिटलेले होते. टाच आपटली नाही. एकदाही नाही. नंतर तिनं खिडकीतून हात बाहेर काढला आणि गाडीच्या दारावर हलकेच थाप मारली, जनावराला मारतात तशी.

ती गाडी रस्त्यावर घेऊन गेली. आम्ही दारात उभे. पहिला, दुसरा, तिसरा, प्रत्येक गिअर जिथल्या तिथं पडला. बाहेर ऐकायला काहीच नव्हतं, साधी पावाची गाडी जात होती. मला वाटलं भाऊ काहीतरी म्हणतील. ते म्हणाले, "झालं एकदाचं," आणि आत जाऊन फळीवर आडवे झाले.

संध्याकाळी तिचा भाऊ पाव घेऊन आला, ओशाळलेला. बहिणीचं आपण नीट ऐकून घेतलं नाही, म्हणाला. वहिनींनी त्याला बसवलं आणि चांगलं सुनावलं. तुझी बहीण हातानं बोलते तेव्हा तू तोंडाकडे बघतोस, हाताकडे बघ. तो मान खाली घालून पाव पुढे करत राहिला.

भाऊंनी मला तेव्हाच सांगितलं होतं की हे काम शास्त्राला धरून नाही. पाइपाला झुलायला मोकळीक लागते. बांधून ठेवला की तो कुठंतरी तडकणारच. आणि तसंच झालं. काही आठवड्यांनी बाई आली, खाली बोट दाखवलं, दोन बोटं एकमेकांपासून फाकवली. भाऊ खाली गेले, तडा सांधला. पुन्हा काही आठवड्यांनी पुन्हा. हे चालूच राहिलं. पाठ साथ देत नव्हती तरी भाऊ तिला कधी परत पाठवायचे नाहीत. मी एकदा म्हटलं, सांगा तिला, आता होत नाही. ते म्हणाले, ती काही मिरवायला मागत नाही ना. तडा सांधून होईपर्यंत ती आणि वहिनी माझ्या दुकानात बसून हातांनी गप्पा मारायच्या, आणि मी शिवता शिवता त्यातलं कळेल तेवढं घ्यायची. बाई विनोदी होती. बेकरीच्या मालकाची चाल ती बसल्या जागी नुसत्या खांद्यांनी करून दाखवायची. भाऊ खाली पडल्या पडल्या आमचं हसणं ऐकायचे का, कुणास ठाऊक.

मग काही वर्षांत दिवस पालटले. रस्त्यावर आवाज मोजायची यंत्रं घेऊन पोलीस उभे राहायला लागले. पोरांना दंड बसला, गाड्या अडकल्या. जी पोरं आवाज वाढवायला यायची तीच आता काका, होता तसा करून द्या म्हणत यायची, आणि मग तीही येईनाशी झाली. मला वाटायचं भाऊ खचतील. पण मला तरी ते थोडे सुटल्यासारखे दिसले. दुकानात शांतता असायची आणि ते त्या शांततेत नुसते बसून राहायचे. वहिनींना मात्र काळजी. रिकामं बसायची सवय नाही यांना, म्हणायच्या, असे बसले की म्हातारे दिसतात.

त्यातच एक दिवस पाववाली नवी गाडी घेऊन आली. बेकरीनं सगळ्या गाड्या बॅटरीवरच्या घेतल्या होत्या. भाऊ उठून बाहेर गेले, गाडीभोवती फिरले, खाली वाकून बघितलं. पाइप नाही, डबी नाही, काहीच नाही. त्यांनी बाईला खुणेनं विचारलं, पायाला काय कळतं. तिनं तळवा सपाट धरला. काही नाही. मग गिअरच्या जागी बोट दाखवून हात झटकले. गिअरच नाही, कळायचं कशाला. आणि ती हसली. तिची काही अडचण उरली नव्हती. एवढा खटाटोप करून बनवलेली पट्टी, ते रबर, माझं कातडं, सगळं जुन्या गाडीबरोबर मोडीत गेलं होतं. भाऊंना वाईट वाटलं का, हे मला चेहऱ्यावरून सांगता आलं नाही. त्यांनी तिच्या गाडीच्या दारावर हलकेच थाप मारली आणि आत येऊन बसले.

तिनंच भावाकरवी मालकाला सांगितलं असणार. बेकरीत पाव ठेवायच्या ट्रॉल्या असतात, त्यांची चाकं आणि सांधे सारखे तुटतात, भट्टीची दारं सैल होतात. अर्धा दिवस येऊन तेवढं बघाल का, असं विचारायला तिचा भाऊ आला. भाऊंनी विचार करून सांगतो म्हटलं. वहिनींनी दाराकडे बोट दाखवलं, म्हणजे जा. दुकान त्यांनी एका पंक्चरवाल्याला दिलं. वेल्डिंगचं मशीन तेवढं हातगाडीवर घालून बेकरीत नेलं.

आता ते सकाळी जातात आणि जेवायला घरी परत येतात. मध्ये मी पाव आणायला गेले होते, तेव्हा ते मागच्या अंगणात एका ट्रॉलीखाली वाकून बसले होते, शेजारी भट्टीचा पंखा घोंघावत होता. मी विचारलं, इथं बरं आहे का. त्यांनी ऐकलं नाही. मी पुन्हा हातानं विचारलं. ते म्हणाले, पाठ दुखते. मग म्हणाले, पण इथं कुणी काही वाढवून मागत नाही. पाववाली गाडी भरत होती. तिनं मला पाहिलं, मालक मागून येतोय अशी खांद्यांनी खूण केली आणि पाटीवर पाटी रचत राहिली. भाऊंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि मला म्हणाले, ताई, जरा बाजूला, ठिणगी उडेल.